तळ्याचा तळ

गेल्या गणेशोत्सवात आमच्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत हवामानबदलावर एक व्याख्यान झालं. वक्ता तरुण होता, चांगल्या तयारीने आला होता. शेवटी त्याने दिवे मालवून एक चित्रफीत दाखवली. अलास्कातलं गोठलेलं तळं. त्यावर उभी असलेली एक संशोधक बर्फाला भोक पाडते, काडी ओढते, आणि बर्फातून तिच्या डोक्यावर जाईल एवढी ज्वाळा उसळते. "हा मिथेनचा बॉम्ब आहे," वक्ता म्हणाला, "आणि त्याची वात पेटलेली आहे." सभागृह चिडीचूप झालं. मग तिसऱ्या रांगेतून एक वयस्कर शेतकरी उठले आणि शांतपणे म्हणाले, "सर, तुमी तिकडच्या तळ्याचं सांगायलाव. आमच्या गावच्या तळ्यात फेब्रुवारीतच भेगा पडत्यात. आमी आधी कशाचं बघावं?" टाळ्या पडल्या. वक्त्याला उत्तर सुचलं नाही, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

पुढचे पंधरा दिवस गावात दोन तट होते. महाविद्यालयातली मुलं बॉम्बाच्या बाजूने, बाजारातली आणि बांधावरची माणसं त्या काकांच्या बाजूने. एका तटाला वाटतं, भीती घातल्याशिवाय लोक हलत नाहीत. दुसऱ्याला वाटतं, ज्याच्या घरात हंडा रिकामा आहे त्याला सायबेरियाचं पाणी सांगणं हा अपमान आहे. मला हा सगळा वादच भलत्या जागी चाललेला दिसतो. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. बीड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत पाझर तलाव आणि साठवण तलाव बांधले, दुरुस्त केले, त्यातले काही डोळ्यांदेखत रिकामे होताना पाहिले. त्या अनुभवावरून मी म्हणतो की ध्रुवाजवळच्या तळ्यांच्या बाबतीत स्फोटाची चर्चा गौण आहे. विचार करायचा तो तळाचा. ज्या जमिनीने हजारो वर्षं पाणी धरून ठेवलं, ती जमीन आता पाणी धरेनाशी झाली आहे. आणि ही गोष्ट समजून घ्यायला मराठवाड्यातल्या माणसाइतका तयार माणूस दुसरीकडे शोधावा लागेल.

सुरुवात पावसापासून करू, कारण आपल्याकडे प्रत्येक गोष्ट तिथूनच सुरू होते. सायबेरियातलं याकुत्स्क हे शहर घ्या. तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून अडीचशे मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीचा जेमतेम तिसरा हिस्सा. आपल्या हिशेबाने तो कायमचा दुष्काळी मुलूख. तरीही उत्तरेकडचे ते सखल प्रदेश तळ्यांनी भरलेले आहेत. आर्क्टिकच्या सखल भागात वीस ते चाळीस टक्के पृष्ठभाग तळ्यांचा आहे, आणि पृथ्वीवरच्या जमिनीच्या दुसऱ्या कुठल्याही पट्ट्यात उघड्या पाण्याचं एवढं प्रमाण नाही. आपल्या तिप्पट पावसात आपण टँकर मागवतो आणि त्या तिसऱ्या हिश्श्यात तिथे लाखो तळी उभी राहतात, हे कसं? थंडीमुळे बाष्पीभवन कमी, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर जमिनीखाली आहे.

माझ्या धाकट्या भावाचं शेततळं आहे. जमीन मुरमाड, त्यामुळे कागद टाकल्याशिवाय पाणी टिकणं शक्यच नव्हतं. प्लास्टिकच्या त्या जाड अस्तराला आमच्याकडे सगळे कागदच म्हणतात. तीन वर्षं तळं तुडुंब राहिलं. चौथ्या वर्षी पाणी रोज वीतभर उतरायला लागलं. आम्हाला आधी वाटलं ऊन जास्त आहे, मग वाटलं रात्री कुणी मोटर लावतंय. शेवटी तळ उघडा पडला तेव्हा दिसलं की कागद उंदरांनी कुरतडला होता. छिद्र मुठीएवढं, आणि पाणी लाखो लिटर गेलेलं. उत्तर ध्रुवाजवळच्या तळ्यांना असाच कागद निसर्गाने घातलेला आहे. त्याचं नाव पर्माफ्रॉस्ट, म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर न गेलेली, गोठलेली जमीन. काही ठिकाणी तिची जाडी शेकडो मीटर आहे. मातीच्या कणांमधलं पाणीच बर्फ झाल्यामुळे वरचं पाणी खाली जाऊ शकत नाही. आम्ही धरणाच्या पायात कठीण खडक लागेपर्यंत चर खोदून तो काळ्या मातीने ठासून भरायचो, तेवढंच काम तिथे बर्फ करतो, आणि आमच्यापेक्षा फार चांगलं करतो.

आता या अस्तराची अडचण अशी की ते उंदराने नाही, खुद्द तळ्याने कुरतडलं जातं. गोठलेल्या जमिनीत ठिकठिकाणी शुद्ध बर्फाच्या जाड पाचरी असतात. उष्णता वाढली की त्या वितळतात, वरची जमीन खचते, खळगा होतो, त्यात पाणी साचतं. हा तळ्याचा जन्म. पाणी उन्हाळ्यात ऊन शोषून घेतं. खोली साधारण दोन मीटरच्या पुढे गेली की हिवाळ्यातही तळ्याचं पाणी तळापर्यंत गोठत नाही. वर बर्फाचा थर आणि खाली द्रव पाणी अशी स्थिती राहते. ते न गोठलेलं पाणी बारा महिने खालच्या जमिनीला ऊब देत राहतं. तळ्याखाली वितळलेल्या मातीची एक वाटी तयार होते आणि वर्षागणिक खोल जाते. जिथे गोठलेला थर पातळ आहे, तिथे ती वाटी आरपार जाते आणि तळं खाली झिरपून जातं. जिथे थर जाड आहे, तिथे काठ ढासळतात, बर्फाच्या पाचरींच्या जागी नाल्या पडतात, आणि सांडवा फुटावा तसं तळं एका बाजूने वाहून जातं. २०१५ च्या डिसेंबरात कॅनडाच्या वायव्य भागात फोर्ट मॅकफर्सनजवळ असंच झालं. वितळून मागे सरकणारी दरड तळ्याच्या काठाला भिडली आणि तळं काही तासांत कड्यावरून खाली कोसळलं. तिथल्या भूवैज्ञानिकांनी ते आधीच ओळखलं होतं. थांबवण्यासारखं काही हातात नव्हतं.

हे नीट ध्यानात घेतलं तर शंकेखोरांचा सर्वांत टोकदार प्रश्न सुटतो. त्या पंधरा दिवसांत एका शिक्षकमित्राने तो मला विचारला होता: "एकदा वाचतो की तळी वाढतायत, एकदा वाचतो की आटतायत. आधी यांनी ठरवावं ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात आहे. लॉरेन्स स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायबेरियाच्या सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भागाची, म्हणजे मराठवाड्याच्या जवळजवळ आठपट मुलखाची, १९७३ ची आणि १९९७-९८ ची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली. चाळीस हेक्टरांहून मोठी, म्हणजे शंभर एकरांच्या आसपासची आणि त्यापुढची तळी मोजली. १०,८८२ तळ्यांची संख्या ९,७१२ वर आली होती. बरीचशी आक्रसून चाळीस हेक्टरांखाली गेली होती, आणि १२५ तर पूर्ण नाहीशी झाली होती. पण त्याच नकाशात उत्तरेला, जिथे गोठलेला थर अखंड आहे, तिथे तळ्यांचं क्षेत्र बारा टक्क्यांनी वाढलं होतं. दक्षिणेला, जिथे तो थर तुटक आणि विरळ आहे, तिथे तळी नाहीशी होत होती. एकाच रोगाच्या या दोन अवस्था आहेत. हाताला सूज येते आणि नंतर हात वाळतो, तेव्हा कुणी वैद्याला ‘सूज की वाळणं, आधी ठरवा’ म्हणतं का?

तरी शास्त्रज्ञांचा बराच काळ असा अंदाज होता की पुढची काही दशकं वाढीची बाजू वरचढ राहील, गळती नंतर येईल. २०२२ मध्ये एलिझाबेथ वेब आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०२१ या काळाची उपग्रहांची माहिती तपासली, आणि आर्क्टिकच्या तळ्यांच्या प्रदेशांत एकूण कल आताच घटीकडे गेलेला दिसला. या घटीचा संबंध वाढत्या तापमानाशी तर दिसलाच, पण शरद ऋतूतल्या वाढत्या पावसाशीही दिसला. पाऊस वाढला आणि तळी घटली! ऐकायला उलटं वाटतं. पण पावसाचं पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जमिनीत शिरतं आणि गोठलेला थर आतून सैल करतं. परतीचा पाऊस जोराचा झाला की तळं भरेल या आशेने पाहत असताना भरावच खचला, असं आपल्याकडे किती गावांनी अनुभवलं आहे? पाऊस किती पडला यावरून तलावाचं भवितव्य ठरत नाही, हे आमच्या खात्यातला साधा मुकादमही सांगेल. तो आधी विचारेल, बुडाखाली काय आहे?

आता बॉम्बाकडे येतो. इथे मी बॉम्बवाल्या मुलांशी सहमत नाही, आणि त्याचं कारण त्यांच्याच चित्रफितीत आहे. गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांचं न कुजलेलं गवत, मुळं, जनावरांचे अवशेष अडकून आहेत. उत्तर गोलार्धातल्या अशा मातीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे, आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. तळ्याखालची माती वितळली की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. प्राणवायू नसलेल्या त्या चिखलात मिथेन तयार होतो आणि बुडबुड्यांतून वर येतो. वीस वर्षांच्या मुदतीत मोजला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापवतो. सायबेरियाच्या तळ्यांतले हे बुडबुडे मोजणाऱ्या आणि त्यांना काडी लावून दाखवणाऱ्या संशोधकांत केटी वॉल्टर अँथनी यांचं नाव सर्वांत पुढे आहे. त्यांच्या गटाच्या २००६ च्या लेखाने दाखवलं की त्या बुडबुड्यांतला काही कार्बन चाळीस हजार वर्षांहून जुना आहे. इथपर्यंत मुलं बरोबर आहेत.

पण याच केटी वॉल्टर अँथनी यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली आणखी एक गोष्ट मांडली, आणि ती कुणी चित्रफितीत दाखवत नाही. हिमयुग संपताना तयार झालेली अशी तळी सुरुवातीला मिथेन सोडत होती हे खरं, पण पुढे त्यांच्यात शेवाळ आणि वनस्पती साचत गेल्या, त्यांनी इतका कार्बन बांधून ठेवला की साधारण पाच हजार वर्षांपूर्वीपासून एकूण परिणाम थंडाव्याकडे झुकला. म्हणजे एकच तळं आपल्या आयुष्यात आधी कार्बन सोडणारं आणि नंतर साठवणारं असू शकतं. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालाचा अंदाज पाहा. जग एक अंशाने तापलं तर या गोठलेल्या जमिनीतून शतकाअखेरपर्यंत कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुमारे १८ अब्ज टन कार्बन बाहेर येईल. अंदाजाची रुंदी ३ ते ४१ अब्ज टन. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून दरवर्षी साधारण दहा अब्ज टन कार्बन सोडतो. म्हणजे तिथला एका अंशाचा शतकभराचा हिशेब आपल्या दोनेक वर्षांच्या जाळण्याएवढा आहे. याला बॉम्ब म्हणणं चूक आहे. बॉम्ब म्हटलं की दोनच गोष्टी मनात येतात: तो फुटेपर्यंत काही बिघडलेलं नाही, आणि फुटल्यावर करण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन्ही समजुती माणसाला हातावर हात ठेवून बसवतात.

मग हा आकडा लहान आहे म्हणून सोडून द्यायचा का? इथे मला दुसऱ्या तटाशी भांडायचं आहे. एक तर तो अंदाज बहुतांशी वरून हळूहळू वितळणाऱ्या जमिनीचा आहे. तळ्याखाली होणारं झपाट्याचं, खोल वितळणं अशा गणितांत नीटसं धरलेलं नसतं. २०१८ मध्ये केटी वॉल्टर अँथनी यांच्याच गटाने ते धरून पाहिलं, तेव्हा गोठलेल्या मातीतल्या कार्बनमुळे या शतकात हवेत भरणारी उष्णता दुपटीहून अधिक आली. आणि दुसरं म्हणजे ही गळती आपल्या हातची नाही. कारखाना बंद करता येतो, गाडी थांबवता येते. चाळीस हजार वर्षांचा चिखल एकदा कुजायला लागला की त्याला थांबवणारी कळ कुठल्याही सरकारपाशी नाही. आमच्या खात्यात गळती लिटरवर मोजली जायची, पण काळजी वाटायची ती पाण्याच्या रंगाची. भरावातून येणारा पाझर स्वच्छ असेल तर नोंद करून पुढे जायचं. गढूळ आला, तर भराव आतून माती सोडतोय. मग तो पाझर बोटाएवढा का असेना, रात्री तिथेच मुक्काम करायचा.

रंगाचा विषय निघालाच आहे तर पश्चिम ग्रीनलंडचं सांगितलं पाहिजे. २०२२ च्या शरदात तिथे विक्रमी उष्णता आणि अवेळी पाऊस झाला. बर्फ पडायच्या दिवसांत पाणी पडलं, गोठलेली जमीन सुटली, आणि तिच्यातला कार्बन, लोह आणि इतर धातू तळ्यांत उतरले. निळीशार असलेली सुमारे साडेसात हजार तळी वर्षभराच्या आत तपकिरी झाली. अशा बदलाला एरवी शतकं लागतात. प्रकाश आत जाईना, तळ्यातली वनस्पती कार्बन घ्यायची ती कमी झाली, आणि कार्बन शोषणारी तळी कार्बन सोडायला लागली. हाच तो गढूळ पाझर.

‘हे असं नेहमीच होत आलं आहे’ हा तिसरा युक्तिवाद व्याख्यानाच्या रात्री कुणी केला नाही, पण शिकलेल्या लोकांत तो फार चालतो, आणि त्यात तथ्य आहे. ती तळी हिमयुगानंतर जन्मत आणि मरत आलेली आहेत. सायबेरियातल्या याकुतिया प्रांतात आटलेल्या तळ्यांच्या जागी गवताची विस्तीर्ण कुरणं आहेत. तिथले साखा लोक त्यांना अलास म्हणतात, शतकानुशतकं त्यावर घोडे आणि गुरं पाळतात. म्हणजे तळं मरणं हे तिथे सुगीचंही कारण झालेलं आहे. मान्य. पण एक तळं मेलं तरी जमीन गोठलेलीच होती, त्यामुळे शेजारी दुसरं जन्मत होतं. आता जमिनीचंच तापमान चढतं आहे. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. कॅनडाच्या एल्समिर बेटावरची काही उथळ तळी जॉन स्मोल आणि मारियान डग्लस १९८३ पासून दर काही वर्षांनी जाऊन मोजत होते. हजारो वर्षं टिकलेली ती डबकी २००६ च्या जुलैत त्यांना कोरडी सापडली.

‘नेहमीचंच आहे’ या वाक्याने आपलं किती नुकसान केलं आहे हे मराठवाड्याला सांगायला नको. आपल्याकडची जुनी माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं; आता धान्य आहे, पाणी नाही." १९७२ च्या दुष्काळात विहिरी उपसल्या तर पाणी लागत होतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. या दोन्हींना आपण ‘दुष्काळ’ हा एकच शब्द वापरतो, आणि मग सहज म्हणतो की दुष्काळ काय, पडतच आलेत. पण त्या दोन सालांच्या मधे जमिनीखालचा साठा संपला होता. बहात्तरनंतर खडक फोडणारी यंत्रं आली, बोअर दोनशे फुटांवरून आठशे, हजार फुटांवर गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं पाणी आपण चाळीस वर्षांत वर ओढून उसाला दिलं. पाऊस तोच राहिला, तळ गेला. तेव्हा जे म्हणत होते ‘ही नेहमीची टंचाई आहे’, ते आकाशाकडे पाहून बोलत होते. सायबेरियाच्या तळ्यांबद्दल ‘नेहमीचंच’ म्हणणारेही वरच पाहतायत.

राहिला त्या काकांचा प्रश्न: आम्ही आधी कशाचं बघावं? या प्रश्नाला मी मनापासून मान देतो. भारतात दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि भूम-परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं तर त्याहूनही किती खाली असेल. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीला त्याने उष्णता दिलेली नाही. त्याला कुणी अपराधी ठरवणार असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण अपराधी नसणं आणि संबंध नसणं या एकच गोष्टी आहेत का? कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला असणारा शेतकरी वरच्या फाट्यावर काय चाललंय ते पाहायला मैलोन्‌मैल जातो. जायकवाडीच्या लोकांनी नाशिक-नगरच्या धरणांतला साठा रोज का मोजला? समन्यायी पाणीवाटपासाठी न्यायालयापर्यंत का गेले? वर जे अडवलं जातं त्याचा परिणाम खाली होतो, हे त्यांना अंगावर आलेल्या अनुभवाने कळलं होतं. हवेच्या बाबतीत साखा लोक टेलला आहेत आणि आपणही टेललाच आहोत. टेलच्या दोन गावांनी एकमेकांना ‘तुझं मला काय’ म्हणणं वरच्यांच्या सोयीचं असतं. आणि आपण अगदी टेललाच आहोत असंही नाही. परळीला आपण कोळसा जाळतो. २०१३ च्या दुष्काळात तेच वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, हे विसरता येत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा पात्र सोडून शिवारात शिरल्या, जमिनी खरवडून गेल्या, तेव्हा कुणी तरी मला सांगितलं की ‘सायबेरियातली तळी फुटली म्हणून हे झालं’. असं काही नाही. आर्क्टिकमधला समुद्री बर्फ घटणं आणि आपल्याकडे सप्टेंबरातला अतिवृष्टीचा कल यांत दुवा असू शकतो, असं आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. पण तो समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास आहे, आणि त्यातूनही एखाद्या पुराचं खापर ध्रुवावर फोडता येत नाही. खोटा संबंध जोडला की खऱ्या संबंधावरचा विश्वास उडतो. खरा संबंध पाहायचा तर सिक्कीमकडे पाहावं. ४ ऑक्टोबर २०२३ च्या आदल्या रात्री दक्षिण ल्होनक हिमतळ्याच्या काठावरचा गोठलेला उतार सुटून तळ्यात कोसळला. उठलेल्या लाटेने बांध फोडला, तीस्तेच्या पुराने चुंगथांगचं धरण वाहून नेलं आणि खालच्या खोऱ्यात अनेक जीव गेले. तिथेही तळं ज्या गोठलेल्या मातीच्या भरवशावर उभं होतं तीच सुटली. ते ठिकाण आपल्या देशात आहे, आणि हिमालयात अशी तळी आणखी आहेत.

आपण ध्रुवीय तळ्याचं पाणी पितो, हेही फारसं कुणी सांगत नाही. अंटार्क्टिकात शिर्माकर टेकड्यांवर १९८९ पासून भारताचं मैत्री हे केंद्र आहे, आणि तिथल्या लोकांचं पाणी प्रियदर्शिनी नावाच्या तळ्यातून येतं. तिथली माती सायबेरियासारखी कार्बनने भरलेली नाही, तिथलं गणित वेगळं आहे. पण तापमान, बर्फ आणि पाणी यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारी आपली माणसं तिथे आहेत. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला २००८ पासून हिमाद्री केंद्र आहे. त्यांच्या नोंदी मराठीत, शाळेतल्या मुलाला कळेल अशा भाषेत का येत नाहीत, हा प्रश्न विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. मला ध्रुवावरच्या ज्वाळेपेक्षा हवी आहे ती ही नोंद. आणि तिच्या शेजारी आपल्या नोंदी हव्यात: गावच्या तळ्याची पातळी दर पंधरवड्याला कितीने उतरते, त्यातली किती उन्हाने आणि किती तळाने. आमच्या काळात हा हिशेब रजिस्टरात असायचा. आता कित्येक तलावांवर मोजपट्टीच राहिलेली नाही. ज्या गावातल्या मुलांनी आपल्या तळ्याची गळती स्वतः मोजली आहे, त्यांना सायबेरियाच्या १२५ नाहीशा झालेल्या तळ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

व्याख्यानाच्या रात्री मी त्या काकांना बसस्थानकासमोर चहाच्या गाड्यावर गाठलं. त्यांची शेवटची बस गेली होती, भाचा मोटरसायकल घेऊन येणार होता. ते थोडे अवघडलेले होते. म्हणाले, "पोराला वाईट वाटलं असंल. माझा बोलायचा हेतू तसा नव्हता." मग त्यांनी विचारलं, "तिथं माणसं ऱ्हातात का?" मी सांगितलं, राहतात. याकुतियातल्या गावांत लोक हिवाळ्याच्या तोंडाशी तळ्यावर जातात, बर्फाचे मोठाले चौकोनी तुकडे कापतात, गाडीवर लादून घरी आणतात, अंगणात रचून ठेवतात आणि लागेल तसे वितळवून पितात. उन्हाळ्यासाठी ते जमिनीखालच्या तळघरात ठेवतात. गोठलेल्या जमिनीत खोदलेलं ते तळघर मांस, मासे, बर्फ सगळं सांभाळतं.

"म्हणजे आपल्या पेवावाणी," काका म्हणाले. त्यांच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं, बहात्तरला त्यातली शेवटची ज्वारी काढली होती. मी म्हटलं, हो, तसंच. पण जमीन वितळायला लागली की त्या पेवांत पाणी शिरतं.

"अन्‌ तळं गेलं तर?"

"मग लांबच्या तळ्यावरून आणायचं."

"म्हणजे टँकरच की," ते म्हणाले. कप खाली ठेवून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. भाचा आल्यावर उठले, धोतर सावरून गाडीवर बसले आणि मला म्हणाले, "सर, हे आमच्या शाळंत येऊन सांगा. आता सांगितलं तसंच सांगा. ते आगीचं नका आणू, लेकरं भेत्यात."